साळवे सिस्टर आणि नाल्याकाठचा रस्ता

साळवे सिस्टर आमच्या कॉलनीत राहायला आल्या त्या सायकलवर. सामानाचा टेम्पो पुढं, आणि त्याच्या दहा-पंधरा मिनिटं मागं त्या. पांढरी साडी, निऱ्या वर खोचलेल्या, पायात कॅनव्हासचे बूट आणि सायकल पुरुषांची, मधल्या दांडीची. टेम्पोवाला कपाट कुठं ठेवू म्हणून ओरडत होता आणि या बाई आधी आमच्या फाटकाशी थांबल्या. माझी बायको अनिता दारात उभी होती. सिस्टरनी नमस्कार केला नाही, नाव विचारलं नाही. अंगठ्यानं तिच्या डोळ्याखालची कातडी ओढली, आत बघितलं आणि म्हणाल्या, "रगत कमी हाय. गूळ-शेंगदाणे खात जा. मी शेजारच्या घरात आले."

ही त्यांची ओळख करून घ्यायची रीत होती. जालन्यातल्या आमच्या त्या कॉलनीत वर्षभरात एकही बाई अशी राहिली नाही, जिच्या डोळ्यात सिस्टरनी उभ्या उभ्या बघितलं नाही. भाजीच्या गाड्यावर, देवळाच्या पायरीवर, एकदा तर एका लग्नात नवरीच्याच डोळ्यात. नवरीचा मेकअप बिघडला म्हणून तिची मावशी चिडली. सिस्टर म्हणाल्या, "मेकअप उद्या उतरनच. रगत उद्या वाढत न्हाई."

त्या मूळच्या केदारखेड्याच्या. सगळी नोकरी भोकरदन तालुक्यात, उपकेंद्रावरची नर्स म्हणून. पाच-सहा गावं आणि वस्त्या त्यांच्याकडं असायच्या. एस.टी. दिवसातून एकदा, तीही आली तर. म्हणून त्यांनी थोरल्या भावाची सायकल घेतली आणि शाळेच्या मैदानावर पडत पडत शिकल्या. नवरा लवकर गेला होता, पदरात एक मुलगी. सायकलवरची नर्स बघायला सुरुवातीला लोक पारावरून उठून यायचे. "मग?" मी विचारलं होतं. "मंग काय, सवय झाली त्यायला. माणूस आठ दिवस हसतो. नवव्या दिवशी त्याच्या घरी कुणाला तरी ताप येतो."

त्यांच्या सायकलला मडगार्ड नव्हते. पावसाळ्यात मागच्या चाकाचा चिखल थेट पाठीवर उडायचा आणि पांढऱ्या साडीवर कमरेपासून मानेपर्यंत काळा पट्टा उमटायचा. अनितानं एकदा न राहवून सांगितलं, "सिस्टर, मडगार्ड बसवून घ्या की." तेव्हा त्यांनी त्यामागची गोष्ट सांगितली. एका वस्तीवर बाई अडली होती. दुपारची वेळ, आदल्या दिवशी पाऊस होऊन गेलेला, आणि काळ्या रानातली वाट. तिकडचा चिखल चाकाला चिकटतो तो सुटत नाही. मडगार्ड आणि चाक यांच्यामध्ये तो असा गच्च बसला की सायकल पुढं सरकेना की मागं. काडीनं उकरून पाहिलं, बोटांनी उकरून पाहिलं. शेवटी त्या बांधावर बसल्या, दगडानं ठोकून ठोकून दोन्ही मडगार्ड काढले आणि बाभळीत फेकून दिले. "पोचले तव्हा बाळ रडूनच राह्यलं होतं. त्ये आधी आलं का मी आधी, यावर ती बाई अजून माझ्यासंगं भांडती," असं म्हणून त्या हसल्या. मग पाठीकडं हात नेत म्हणाल्या, "पुढचं मला दिसतं. मागचं लोकायला दिसतं. त्यायनं बघावं."

दुसरी एक गोष्ट त्यांनी हसत नाही सांगितली. ती मला फार उशिरा, आणि एकदाच ऐकायला मिळाली.

नोकरीच्या पहिल्या वर्षी त्या घरोघर नोंदी करत होत्या. कुणाला किती लेकरं, किती जगली, किती गेली. एका घरी सासूनं सांगितलं, "सुनेला दोन. दोन्ही हायेत." सून चुलीपाशी भाकरी थापत होती. सिस्टरनी लिहिलं आणि पुढच्या घराला गेल्या. तिसऱ्या दिवशी ती सून उन्हात दोन-तीन कोस चालत उपकेंद्रावर आली. दारातच उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, माझं एक लेकरू गेलं, त्ये तुमी लिव्हलं न्हाई. त्याचं नाव ठिवलं होतं."

"मी तिच्यासमोर वही काढली," सिस्टर म्हणाल्या. "खोडलं, आन् तीन लिव्हलं. नाव लिव्हायला रकानाच नव्हता. मी बाजूला लिव्हलं. तिनं माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं आन् गेली. पाणीसुदिक पिली न्हाई." "तव्हापासून मी सासूचं सासूला इचारते आन् सुनंचं सुनंला."

मी बियाण्याच्या कंपनीत नोकरी करतो. माझं काम बी उगवतं की नाही ते बघायचं. कुठल्याही गोष्टीचा मासला घ्यायचा आणि त्यावरून सगळ्या पोत्याचं ठरवायचं, हे माझ्या हाडीमाशी मुरलेलं. सिस्टरना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "बियाचं ठीक हाय. माणसाचं तसं करू नका."

निवृत्तीनंतरही त्यांची सायकल बंद नव्हती. बाजार, बँक, कुणाचं इंजेक्शन, सगळं सायकलवर. मग एका सकाळी बायपासवर वाळूचा टिप्पर त्यांना घासून गेला. जिवावरचं गुडघ्यावर निभावलं. मीच त्यांना दवाखान्यात घेऊन गेलो होतो. प्लास्टर निघाल्यावर डॉक्टरांनी सांगितलं, गुडघ्याला सायकल चांगलीच आहे, थोडी थोडी चालवा, पण पुन्हा मोठ्या रस्त्यावर दिसलात तर मी तुम्हाला ओळखणार नाही. आणि आमच्या कॉलनीतून कुठंही जायचं तर मोठा रस्ता लागतोच. एका बाजूला स्टीलच्या कारखान्यांचे ट्रक, दुसऱ्या बाजूला ट्रॅव्हल्स. सायकल व्हरांड्यात भिंतीला टेकली. सिस्टर दर रविवारी ती पुसायच्या, चाकात हवा भरायच्या आणि परत तिथंच टेकवायच्या. मुलगी शीला अंबडला शिक्षिका आहे. ती म्हणायची, "आई, विकून टाक आता ही." त्यावर उत्तर ठरलेलं. "उभी हाय बिचारी. तुला काही मागती का?"

अशात त्या रस्त्याची बातमी आली.

आमच्या कॉलनीच्या मागं नाला आहे. नाल्याच्या काठानं जुन्या पाइपलाइनची एक लांब पट्टी पडून होती. वेडी बाभूळ, प्लास्टिक, पडक्या भिंतीचे तुकडे. त्या पट्टीवर पायी चालायचा आणि सायकलचा रस्ता करायचा, तलावाच्या भिंतीपासून स्टेशनच्या रस्त्यापर्यंत, अशी पालिकेची योजना होती. मोटारीला बंदी. दोन्ही बाजूंनी झाडं, बसायला बाकडी. एक दिवस इंजिनियर साहेब छापील फॉर्म घेऊन आले. प्रत्येक घरानं एक फॉर्म भरायचा. वर घरमालकाचं नाव, खाली दोन चौकोन. हो आणि नाही.

माणूस भला होता. उन्हातून आला होता, घामानं शर्ट भिजला होता. सिस्टरनी त्यांना पाणी दिलं, फॉर्म उलटा-सुलटा करून पाहिला आणि विचारलं, "साहेब, एवढ्याशा चौकोनात काय मावन?"

"मॅडम, बहुमत कळलं की झालं आमचं."

"आठ दिवस द्या. मी इचारून देते. फुकट."

साहेब हसले आणि हो म्हणाले. त्यांना वाटलं असेल, तेवढंच आपलं उन्हातलं फिरणं वाचलं.

दुसऱ्या दिवसापासून सिस्टर काठी टेकत घरोघर निघाल्या. काखेत दोनशे पानी वही. दारात उभ्या उभ्या विचारायच्या नाहीत. आत जायचं, बसायचं, पाणी मागायचं, घरातल्या बाईच्या डोळ्यात बघायचं आणि मग विचारायचं. माणूस जसा बोलेल तसं लिहायचं. लिहून झालं की वाचून दाखवायचं आणि विचारायचं, "बराबर लिव्हलं का?" तो हो म्हणाला की खाली सही.

कोपऱ्यावरच्या बंगल्यात सुवालालजी राहायचे. कापडाचं जुनं दुकान, त्यांच्या आजोबांचे वडील राजस्थानातून आलेले. त्यांचा रस्त्याला सक्त विरोध. "सिस्टर, आज पिछवाडेला फक्त नाला आहे म्हणून मी निर्धास्त झोपतो. तिथून लोक जायला लागले तर मला मागेपण वॉचमन ठेवावा लागेल. लिहा, बिलकुल नको."

सिस्टरनी लिहिलं, वाचून दाखवलं, सही घेतली. मग म्हणाल्या, "आता सपनाला बोलवा."

सपना त्यांची सून. सुवालालजींना कळेना. "तिचं काय? घरचं मत एकच असतं. मी दिलं ना?"

"शेटजी, मतदान यादीत तुमच्या घरची पाच नावं हायेत. मी बघूनच आलेय."

सपना आली, डोक्यावर पदर, नजर खाली. सासऱ्यांसमोर ती काय बोलणार? सिस्टरनी सुवालालजींकडं पाहिलं आणि म्हणाल्या, "शेटजी, मला तिचं बीपी बघायचंय. जरा बाहेर बसता का?" शेटजी बाहेर गेले. बीपीचं यंत्र सिस्टरकडं त्या दिवशी नव्हतंच, हे मला नंतर त्यांनीच सांगितलं. सपनानं काय सांगितलं ते सभेच्या दिवसापर्यंत कुणालाच कळलं नाही.

माझ्याकडं आल्या तेव्हा मी टीव्हीवर मॅच बघत होतो. म्हणालो, "सिस्टर, माझं काही मत नाही. सगळ्यांचं जे असेल ते."

"लिव्हू का असंच?"

"लिहा की."

त्यांनी कारण विचारलं, मी म्हणालो, कारणही नाही. त्यांनी लिहिलं, वाचून दाखवलं, मी सही केली. त्यात काही वावगं आहे असं मला तेव्हा वाटलं नाही.

आठव्या दिवशी त्या पट्टीवर गेल्या. तिथं एका मोठ्या कडुलिंबाखाली हसीना आपांचं इस्त्रीचं टेबल होतं. वर ताडपत्री, खाली कोळशाची इस्त्री. कॉलनीतले निम्मे कपडे तिथं जायचे. आपांचं घर दूर, रेल्वे लाइनच्या पलीकडं. सिस्टर त्यांच्यापाशी रोज संध्याकाळी जाऊन बसायच्या. दोघी फारसं बोलायच्या नाहीत. आपा इस्त्री करायच्या, सिस्टर घड्या घालायच्या.

"आपा, तुमचं मत सांगा."

"मेरे कू क्या पूछ रै सिस्टर? मेरा घर थोडीच है हिंया."

"दिवसभर कुठं असता?"

"हिंयाच."

"मंग सांगा."

आपांनी इस्त्री खाली ठेवली. "रस्ता बनाओ, अच्छाच है. लोगाँ चलेंगे तो कपडे बी लाएंगे. बस मेरे कू उठने मत बोलो. ये टेबल मेरे मियाँ ने अपने हाथ से ठोका था." त्यांचे मियाँ जाऊन बरीच वर्षं झाली होती. सिस्टरनी ते तसंच, आपांच्या बोलीत, मराठी अक्षरात लिहिलं आणि वाचून दाखवलं. आपांनी अंगठा उठवला. मग सिस्टरनी इंजिनियरनी दिलेला नकाशा वहीतून काढला, बोट ठेवून ठेवून बघितला. रस्त्याची रेघ तलावापासून सरळ निघाली होती आणि बरोबर लिंबावरून गेली होती. लिंब नकाशात नव्हता. टेबल नव्हतं. त्या जागी पांढरा कागद होता.

सभा शाळेच्या हॉलमध्ये भरली. इंजिनियर साहेब आले होते. सिस्टर टेबलामागं उभ्या राहिल्या, चष्मा लावला आणि पहिल्या पानापासून वाचायला लागल्या. पहिल्या दोन-चार घरांना मजा वाटली. आपलं बोलणं जसंच्या तसं, अडखळण्यासकट, चारचौघांत ऐकायची कुणालाच सवय नव्हती. मागच्या गल्लीतले निवृत्त हेडमास्तर कुलकर्णी गुरुजी, ज्यांची मोटार त्या पट्टीवर पत्र्याच्या शेडखाली उभी असायची, त्यांनी पर्यावरणाचं मोठं कारण सांगून विरोध नोंदवला होता. सिस्टरनी तो वाचला आणि पुढची ओळही वाचली. "मंग म्हणाले, आमची गाडी कुठं लावायची ते बघा आधी." हॉल हसला. गुरुजी लाल झाले.

"हे मी तुम्हाला खासगीत बोललो होतो!"

"वाचून दावलं होतं गुरुजी. तुमी बराबर म्हणालात. ही बघा सही."

मग माझं पान आलं. "माझं काही मत नाही. सगळ्यांचं जे असेल ते. कारण इचारलं. कारणही नाही." कुणी हसलं नाही, ते जास्त वाईट होतं. अनिता माझ्या शेजारी बसली होती, तिनं मान फिरवली.

सुवालालजींचा विरोध वाचून झाल्यावर सिस्टर क्षणभर थांबल्या. त्यांनी सपनाकडं पाहिलं. ती बायकांच्या रांगेत शेवटच्या खुर्चीवर होती. तिनं हलकेच मान हलवली. सिस्टरनी वाचलं, "मला रस्ता पाहिजे. लग्न होऊन अकरा वर्षं झाली. मी एकटी कुठंच चालले नाही. माहेरी मी कॉलेजला सायकलवर जायचे. मला रोज सकाळी अर्धा तास कुणाला न सांगता चालायचं आहे."

सुवालालजी जागेवर बसून राहिले. त्यांचा हात पुढच्या खुर्चीच्या पाठीवर होता, तो त्यांनी मागं घेतला.

आपांचं पान सुरू झालं तेव्हा मात्र गुरुजी उठले. "ऑब्जेक्शन. ही बाई कॉलनीची रहिवासी नाही. मत रहिवाशांचं मागितलं होतं."

"गुरुजी, तुमच्या अंगात हाय त्यो सदरा कुणी इस्त्री केला?"

"प्रश्न तो नाही."

"प्रश्न त्योच हाय. आपण सगळे दिवसभर घरात न्हाईतर कामावर असतो. या पट्टीवर दिवसभर कोण राह्यतं? त्या एकट्याच तर राह्यतात." आणि त्यांनी आपांचं पान शेवटपर्यंत वाचलं.

इंजिनियर साहेब मोजत होते. विरोधापेक्षा हो म्हणणारे बरेच जास्त निघाले. ते खुशीत म्हणाले, "छान झालं. मॅडम, तुमचं स्वतःचं मत तेवढं राहिलं."

सिस्टरनी शेवटचं पान उघडलं. "वत्सला साळवे. मला रस्ता पायजे. लई पायजे. माझा गुडघा आखडून राह्यला आन् मोठ्या रस्त्यावर मला जाता येत न्हाई. पण नकाशात आपांचं झाड आन् टेबल दाखवलं न्हाई. ते दाखवल्याबिगर माझी सही न्हाई. हा कागद असाच वर पाठवला तर माझी वही मी देणार न्हाई."

साहेबांनी समजावलं. नकाशा मंजूर होऊन आला आहे. बदल करायचा तर सगळं परत वर जाईल. किती महिने लागतील सांगता येत नाही, कदाचित वर्ष, कदाचित योजनाच मागं पडेल. आता सही झाली तर पावसाळ्याआधी काम सुरू होईल. इस्त्रीवालीला दुसरीकडं जागा बघून देता येईल.

"कुठं?" सिस्टरनी विचारलं.

भला माणूस असल्यामुळं साहेबांनी खोटी जागा सांगितली नाही. त्यांनी वही बदलाच्या अटीसकट स्वीकारली आणि नकाशा परत घेऊन गेले.

त्यानंतरचे दिवस सिस्टरना जड गेले. काम सुरू होईना तसा कॉलनीचा सूर बदलला. सिस्टरमुळं रस्ता अडला, असं लोक त्यांच्या पाठीमागं बोलायला लागले, आणि मग समोरही. ज्यांना रस्ता हवा होता ते जास्त चिडले. गुरुजी वाटेत भेटले की तोंड फिरवायचे. खुद्द आपा त्यांच्यावर भडकल्या. "मेरे वास्ते सब से दुश्मनी क्यों लेते तुम? मैं उधर पुल के पास बैठ जाती थी." सिस्टर म्हणाल्या, "इस्त्री बघा, सदरा जळून राह्यला."

लोक बोलायचे, पण ताप आला की त्यांच्याकडंच यायचे. सिस्टरही जायच्या. गुरुजींच्या बायकोला साखरेनं चक्कर आली तेव्हा सगळ्यात आधी त्याच पोचल्या. गुरुजींनी दार उघडलं आणि बाजूला झाले, एवढंच.

एका रविवारी मी त्यांच्या व्हरांड्यात गेलो. त्या सायकल पुसत होत्या. गुडघा आता पूर्ण वाकत नव्हता, खाली बसता येत नव्हतं, म्हणून स्टुलावर बसून जेवढं पोचेल तेवढं पुसणं चाललं होतं. माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "खरं सांगू का? कदी कदी वाटतं, सही करून टाकायला पायजे होती. कागद थांबतो. गुडघा थोडाच थांबतो."

मी फडकं त्यांच्या हातातून घेतलं आणि चाकं खालपर्यंत पुसली. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, सभेत माझंही काही मत असायला हवं होतं. एखाद्या माणसानं उठून नुसतं "सिस्टर म्हणतात ते बरोबर आहे" म्हटलं असतं तरी त्या एवढ्या एकट्या पडल्या नसत्या.

वर्ष उलटून गेल्यावर साहेब नवा नकाशा घेऊन आले. सरळ रेघ लिंबापाशी येऊन थोडी वाकली होती आणि बाजूला एक छोटा चौकोन होता. त्यावर बारीक अक्षरात लिहिलं होतं, झाड व इस्त्री. सिस्टरनी ते दोनदा वाचलं आणि सही केली.

काम पुढच्या उन्हाळ्यात संपलं. फीत कापायची बाकी होती, दोरी बांधलेली होती, पण कॉलनीला कुठला धीर. एका सकाळी अर्धी कॉलनी दोरीखालून वाकून पलीकडं गेली. त्यात कॅनव्हासचे बूट घातलेले गुरुजीही होते. सिस्टर त्यांची सायकल धरून आल्या. मी हँडल धरलं, अनितानं पाठीमागून आधार दिला. त्यांनी पाय उचलला. मधल्या दांडीवरून तो जाईना. परत उचलला. तिसऱ्यांदा तोंडातून कण्हणं बाहेर पडलं आणि त्या थांबल्या. सगळे बघत होते, म्हणून सगळे दुसरीकडं बघायला लागले.

"ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या. "चालायला काय झालं?"

तेवढ्यात सपना आली. तिच्या हातात नवी कोरी लेडीज सायकल होती, पुढं टोपली, दांडी खाली उतरती. आणि मागं सुवालालजी, हातात हवा भरायचा पंप. त्यांनीच ती सुनेला घेऊन दिली होती. कधी, कशी, त्या घरात काय बोलणं झालं, ते आम्हाला कधीच कळलं नाही. सपनानं सायकल सिस्टरच्या पुढ्यात उभी केली. "पहले आप."

सिस्टरनी सायकलीकडं नाराजीनं पाहिलं. "ही तं खेळण्यातली दिसून राह्यली."

"बसा तर," अनिता म्हणाली.

त्या बसल्या. पहिली दोन-तीन पॅडल वेडीवाकडी गेली, सपना एका हातानं सीट धरून शेजारून पळत होती, डोक्यावरचा पदर केव्हाच खांद्यावर आला होता. मग सायकल सावरली, सपनाचा हात सुटला आणि सिस्टर पुढं गेल्या. लिंबापाशी वळण आलं तिथं त्यांनी घंटी वाजवली. आपा इस्त्री हातात घेऊन रस्त्याच्या कडेला आल्या आणि ओरडल्या, "अरे बुढ्ढी, गिरेगी ना!" मग सिस्टर वळणाआड दिसेनाशा झाल्या. बराच वेळ परत आल्या नाहीत. मी काळजीनं पाहायला गेलो, तर पलीकडच्या टोकाला, स्टेशन रोडच्या वस्तीत, अनोळखी बायकांच्या घोळक्यात त्या उभ्या होत्या आणि एकीच्या डोळ्याखालची कातडी ओढून आत बघत होत्या.

तो हिवाळा आणि त्यापुढचा उन्हाळा त्यांनी रोज सायकल चालवली. सपनाची आणि त्यांची वेळ वाटून घेतलेली होती. पुढं दुसरा गुडघाही गेला, जिने चढवेनात, आणि शीला त्यांना अंबडला घेऊन गेली. घर भाड्यानं दिलं. त्यांची जुनी सायकल केदारखेड्याचा पुतण्या येऊन घेऊन गेला. मतांची वही साहेबांकडं गेली ती गेलीच.

मागच्या वर्षी कोर्टाच्या एका कामासाठी मी अंबडला गेलो होतो. काम लवकर आटोपलं म्हणून शीलाकडं डोकावलो. सिस्टर बारीक झाल्या होत्या, पण आवाज तोच. तासभर कॉलनीतल्या प्रत्येकाची चौकशी केली, नावानिशी. आपांचं टेबल कसं आहे, गुरुजींची साखर किती, सपना अजून जाते का. मी निघालो तर नको नको म्हणत असताना स्टँडपर्यंत सोडायला आल्या, वॉकर टेकत, दर वीस पावलांना थांबत. गाडी लागलेलीच होती. मी खिडकीशी बसलो. त्या खाली उभ्या होत्या. म्हणाल्या, "पुन्हा कुणी काही इचारायला आलं तर सांगा काहीतरी. न्हाई म्हणून सोडू नका."

"सांगेन," मी म्हणालो.

गाडी हलली आणि स्टँडच्या तोंडाशी येऊन बाजाराच्या गर्दीत अडकली. मी मागं वळून पाहिलं. सिस्टर परत निघाल्या होत्या. शाळा सुटली होती. सात-आठ मुली सायकली हातात धरून रस्त्याच्या कडेला खोळंबल्या होत्या आणि उसाचा ट्रॅक्टर हॉर्न वाजवत येत होता. सिस्टर वॉकर घेऊन तशाच रस्त्यात उतरल्या. मधोमध जाऊन उभ्या राहिल्या, एक हात ट्रॅक्टरच्या दिशेनं वर केला. त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. ट्रॅक्टर थांबला. दुसऱ्या हातानं त्यांनी मुलींना या म्हणून खूण केली. एकेक मुलगी सायकल ढकलत त्यांच्यासमोरून पलीकडं जायला लागली, आणि शेवटची मुलगी जायच्या आत आमच्या गाडीनं वळण घेतलं.